पुढच्या डिस्क ब्रेकचा मास्टर घरी कसा उघडायचा (जुनी गाडी असणाऱ्या नवख्यांसाठी)

बेळगावात चन्नम्मा सर्कलला सिग्नल लागलाय, तुम्ही पुढचा ब्रेक दाबून उभे आहात आणि दाबलेली लिव्हर आपोआप हळूहळू ग्रिपकडं सरकत चाललीय, असं होत असेल आणि ऑइल कुठं गळताना दिसत नसेल तर जवळजवळ नक्की समजा की मास्टर सिलेंडरमधलं रबर गेलंय. दोनदा पंप केलं की लिव्हर परत वर येते म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच गाडी चालवतात. गावात सपाटीला भागून जातंय, पण आपल्याकडं सपाटी आहे किती? जांबोटी कणकुंबी करून गोव्याला उतरायचं तर चोर्ला घाट, सावंतवाडीला जायचं तर आंबोली, कोल्हापूरकडं निघालं तर निपाणीच्या अलीकडं तवंदीचा उतार. पावसात, मागं डबलसीट आणि पुढं ट्रक असताना लिव्हर ग्रिपला टेकली तर पंप करायला वेळ मिळत नाही, म्हणून हे काम पुढं ढकलू नका एवढंच आधी सांगतो.

हे सगळं पहिल्या पिढीच्या डिस्कवाल्या गाड्यांसाठी लिहितोय, म्हणजे सीबीझेड, करिझ्मा, जुनी पल्सर, युनिकॉर्न, अपाचे असल्या. हँडलवर मास्टर, तिथनं एक पाईप, खाली चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर, संपला विषय. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्या गाड्यांत मधे एक युनिट बसलेलं असतं आणि एअर काढायची पद्धत वेगळी असू शकते, तेव्हा एबीएसवाली गाडी असली तर हे वाचून उघडायला बसू नका.

आत काय असतं ते आधी डोक्यात बसू द्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. मास्टर म्हणजे एक सिरिंज आहे असं धरा. लिव्हर पिस्टनला ढकलते, पिस्टनच्या पुढच्या टोकाला एक वाटीसारखं रबर असतं ज्याला गॅरेजमध्ये बकेट म्हणतात, ते ऑइल दाबून पाईपमध्ये पाठवतं. पिस्टनच्या मागच्या बाजूला दुसरी बकेट असते, तिचं काम एवढंच की ऑइल लिव्हरच्या बाजूनं बाहेर येऊ नये. सगळ्यात आत स्प्रिंग, जी पिस्टनला परत मागं आणते, आणि तोंडाला एक लॉक (सर्कलिप) आणि धूळ अडवणारं रबरी बूट. पुढची बकेट गेली की ऑइल तिच्या कडेनं मागं सरकतं, बाहेर थेंबही दिसत नाही आणि लिव्हर बसत जाते. मागची गेली की लिव्हरच्या मुळाशी ओल दिसते, तिथला रंग फुगून सुटायला लागतो, कारण ब्रेक ऑइल रंग खातं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मास्टरवर जी ऑइलची डबी असते तिच्या तळाला दोन भोकं असतात, एक चांगलं दिसण्याएवढं आणि दुसरं एकदम बारीक, टाचणीचं टोकही नीट जाणार नाही असलं. लिव्हर पूर्ण सोडलेली असते तेव्हा पुढची बकेट या बारीक भोकाच्या जरा मागं थांबलेली असते, म्हणजे पाईपमधलं ऑइल आणि डबीतलं ऑइल एकमेकाला जोडलेलं असतं. घाट उतरताना कॅलिपर तापतो, आतलं ऑइल प्रसरण पावतं, ते वाढलेलं ऑइल या बारीक भोकातनं वर डबीत येतं. भोक बुजलं तर त्याला जायला जागाच नाही, मग ते पॅडला डिस्कवर दाबून धरतं, त्यानं अजून तापतं, अजून दाबतं, आणि शेवटी ब्रेक न दाबता चाक जाम होतं. मास्टरचं किट (नवा पिस्टन, बकेट, स्प्रिंग असा संच) टाकलं तरी ब्रेक धरून राहतोय अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच भोक साफ करायचं राहिलेलं असतं.

आधी रोग ओळखा, मग पाना हातात घ्या

लिव्हर दाबून जोर न बदलता मिनिटभर धरा. बसत गेली आणि कुठं गळती नाही, तर पुढची बकेट. लिव्हर स्पंजासारखी लागते पण चारपाच वेळा पंप केलं की कडक होते आणि मग धरली तर तशीच राहते, तर बहुतेक ऑइलमध्ये एअर म्हणजे हवा शिरलीय, मास्टर उघडायची गरज नाही, नुसती एअर काढून बघा. डबीतलं ऑइल हळूहळू कमी होतंय पण कुठं ओल नाही, तर पॅड झिजलेत का बघा, पॅड झिजतील तसं ऑइल खाली जातंच.

चाक जाम होत असेल तर अजून एक तपासणी आहे आणि ती करूनच पुढं जा. चाक धरलेलं असतानाच मास्टरला जिथं पाईप जोडलाय तो बोल्ट फडकं धरून किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष वर मास्टरमध्ये. नाही सुटलं तर तो बोल्ट आवळा आणि खाली कॅलिपरचं ब्लीडर निप्पल (एअर काढायचं छोटं तोंड) उघडा, आता सुटलं तर पाईप आतनं फुगून बंद झालाय, जुन्या रबरी पाईपला हे होतं. निप्पल उघडूनही सुटत नाही तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय. आपल्या खानापूर जांबोटीकडच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या गाडीला हे तिन्ही एकदम पण असू शकतात. बोल्ट सैल केला की एअर शिरते, त्यामुळं हे करून झालं की एअर काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

सामान

मास्टरचं किट घ्यायला जाताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणं वेगळ्या कंपनीचा मास्टर आलेला असू शकतो, म्हणून मास्टरच्या बॉडीवर काय कोरलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवा. बऱ्याच मास्टरवर बोअरचा (आत पिस्टन सरकतो त्या गोल पोकळीचा) आकडा पण असतो, ११, १४, १/२ असा काहीतरी. पूर्ण असेंब्ली बदलायची वेळ आली तर हाच आकडा जुळवायचा. मोठ्या बोअरचा मास्टर लावला तर लिव्हर कडक आणि ब्रेकला हाताचा जोर जास्त लागतो, लहान लावला तर लिव्हर मऊ आणि लांबपर्यंत येते.

ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. बाटली सीलबंदच घ्या, गॅरेजमधल्या उघड्या अर्ध्या बाटलीतलं फुकट मिळालं तरी नको. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी ओढलेल्या अवस्थेत तोच १५५ पर्यंत खाली आलेला चालतो, म्हणजे फरक बघा किती आहे. आणि डॉट ५ म्हणून जे येतं ते सिलिकॉनचं आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये अजिबात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, नाव सारखं वाटलं तरी ते डॉट ४ च्या जातीचं आहे.

बाकी किरकोळ. पाईपच्या बोल्टचे नवे तांब्याचे वायसर दोन, नाकाड लांब असलेली आतली लॉक पक्कड (साधी पक्कड तोंडात जात नाही, यासाठी जुगाड करायला गेलात की बोअरला ओरखडा पडलाच म्हणून समजा), निप्पलला बहुतेक ८ नंबरचा आणि पाईपच्या बोल्टला १२ नंबरचा रिंग पाना, मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणि पारदर्शक नळी, धागे न सुटणारं सुती फडकं, आणि धुवायला मोबाईल रिपेअरवाल्यांकडं असतं ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे.

एक गोष्ट कामाच्या जागेवरनं उचलून लांब ठेवा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस. ब्रेकची रबरं पेट्रोलियमच्या कुठल्याही पदार्थानं फुगतात आणि मऊ पडतात. आपल्याकडं कुठलाही पार्ट काढला की पेट्रोलच्या डब्यात बुडवायची सवय आहे, इथं तीच सवय घात करते. नवं किट पेट्रोलमध्ये धुऊन बसवलं तर काही दिवसांत परत तीच तक्रार.

उघडताना

गाडी आधी धुवून घ्या, मास्टरच्या भोवतीची माती आत जाता कामा नये. सेंटर स्टँडवर लावा, हँडल असं वळवा की वरची डबी सपाट राहील. टाकीवर आणि मडगार्डवर ओलं फडकं पसरा, शेजारी पाण्याचा मग ठेवा, ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, पाण्यात ते विरघळून जातं.

डबीच्या झाकणाचे दोन स्टार स्क्रू हा पहिला अडथळा. जुन्या गाडीत ते जाम असतात आणि घाईत डोकं घासलं जातं. बरोबर मापाचा बिट लावून वरनं हातोडीनं दोनचार हलके ठोके द्या, मग पूर्ण वजन खाली दाबून फिरवा, सुटतात. झाकण, खालची प्लेट आणि रबरी पडदा काढा, सिरिंजनं ऑइल ओढून घ्या. ते काळं किंवा चहाच्या रंगाचं निघालं आणि तळाला जेलीसारखा गाळ दिसला तर ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नाही एवढं कळलं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

पाईपचा बोल्ट मास्टर हँडलला असतानाच सैल करून घ्या, एकदा मास्टर सुटा झाला की हातात धरून तो बोल्ट सुटत नाही. सुटला की पाईपच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधून टोक वर करून ठेवा. ब्रेक लाइटच्या स्विचची वायर काढा, लिव्हरचा बोल्ट काढा, मग क्लॅम्प. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः पाईप कुठल्या कोनात बसलाय त्याचा.

आता रबरी बूट ओढून काढलं की आत लॉक दिसेल. ते गंजलेलं असलं तर टूथब्रशनं ब्रेक ऑइल लावून घासा, थोडं भिजू द्या. पिस्टन आत दाबून धरा आणि लॉक पक्कडीनं लॉक काढा, तोंड स्वतःकडं ठेवू नका, स्प्रिंग पिस्टनला बाहेर फेकते. पिस्टन अडकलाच तर चिमट्यानं ओरबाडू नका. पाईपच्या भोकातनं कमी दाबाची हवा मारा, तोंडावर जाड फडकं आणि ते तोंड जमिनीकडं. निघालेले पार्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पांढऱ्या कागदावर मांडा. बकेटच्या ओठाची दिशा बघून ठेवा, पुढच्या बकेटचं पसरट तोंड स्प्रिंगकडं म्हणजे आतल्या बाजूला असतं, आणि निमुळती स्प्रिंग असली तर बारीक टोक बकेटकडं. ही दिशा चुकली तर ब्रेक लागतच नाही.

बोअर बघणं हेच खरं काम

किट टाकणं कुणालाही जमतं. पण नवं रबर खराब बोअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, खरखरीत जागेवर ते थोड्या दिवसांत कापलं जातं आणि तुम्ही परत सिग्नलला लिव्हर पंप करत बसता. म्हणून इथं अर्धा तास द्या. बोअर आयपीएनं धुवून, कोरडा करून, मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. एकदम तोंडाशी, बुटाच्या खालच्या भागात पांढरी पावडर आणि खड्डे असतील तर ते पावसाचं पाणी साठून झालेलं असतं, तिथं बकेट पोचत नसली तर साफ करून चालतंय. पण बकेट जिथं पुढंमागं सरकते त्या पट्ट्यात खड्डा किंवा उभा ओरखडा दिसला, लाकडी टूथपिकचं टोक फिरवताना अडकलं, तर मास्टर बाद. नुसता डाग असेल, हाताला काही लागत नसेल, तर फडक्याला ब्रेक ऑइल लावून बोटानं गोल गोल घासा, तेवढ्यानं निघाला तर चांगलं.

पॉलिश पेपर मारू नका. बऱ्याच मास्टरच्या बोअरला आतनं ॲनोडायझिंगचा कडक थर असतो, तो गेला की खालचं मऊ ॲल्युमिनियम भराभर झिजतं. आणि बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असल्यामुळं लेथवर नेऊन बोअर मारून घेऊ असं कुणाच्याही मनात येणार. तिथले कारागीर हुशार आहेत, माप बिनचूक काढून देतील यात शंका नाही, पण बोअर वाढला की त्या मापाची बकेट आणायची कुठनं? स्टीलचा स्लीव्ह बसवून मूळ माप परत आणता येतं, पण जिथं नवी असेंब्ली सहज मिळते अशा गाडीला तो खटाटोप कशाला. बाद म्हणजे बाद, नवा मास्टर आणा. माझं मत विचाराल तर शंका असली तरी नवाच घ्या.

बोअर पास झाला तर ते बारीक भोक. काही मास्टरमध्ये त्याच्यावर छोटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची टोपी असते, ती अलगद काढा. विजेच्या लवचिक वायरमधली तांब्याची एकच तार घ्या, डबीच्या बाजूनं भोकात घाला, हलक्या हातानं आतबाहेर करा, मग स्प्रे मारा आणि फवारा बोअरमध्ये येतोय का बघा. सुई, टाचणी, ड्रिल काही घालू नका, भोकाची कड बोअरच्या आत उचलली गेली तर ती नव्या बकेटला कापत राहते. तार जाईपर्यंत ही पायरी सोडायची नाही.

परत जोडताना

हात धुवा, फडकं बदला. बोअर, पिस्टन, बकेट सगळं ताज्या ब्रेक ऑइलनं ओलं करा. किटमध्ये जे जे नवीन आलंय ते सगळं टाका, जुनी स्प्रिंग चांगली दिसतेय म्हणून ठेवून देऊ नका. बकेटचा ओठ तोंडाशी दुमडतो, तेव्हा बोटानं कड आत घेत घेत, जरा फिरवत ढकला, जोर लावायचा नाही. लॉकची धारदार बाजू बाहेरच्या तोंडाकडं, आणि बसलं की पक्कडीनं थोडं फिरवून बघा, खाचेत पूर्ण बसलं असेल तर ते खाचेतच फिरतं. पिस्टन दहाबारा वेळा आत दाबा, प्रत्येक वेळी झटक्यात परत यायला पाहिजे. लिव्हरचं टोक पिस्टनला जिथं लागतं तिथं आणि लिव्हरच्या बोल्टला सिलिकॉन ग्रीस लावा.

क्लॅम्पवर यूपी किंवा बाण असेल तर तो वर. असल्या क्लॅम्पमध्ये वरचा बोल्ट आधी पूर्ण आवळायचा, मग खालचा, फट राहिली तर ती खालच्या बाजूला राहते आणि ते बरोबर आहे. पाईपच्या दोन्ही बाजूंना नवे वायसर. बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा, लांब पाना लावून ताकद काढली तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

लिव्हरच्या टोकाला थोडा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे. बाजारातली स्टाइलची लिव्हर लावली असेल तर कधीकधी तिचं टोक पिस्टनला कायम थोडं दाबून ठेवतं, मग बकेट बारीक भोकाच्या मागं येतच नाही आणि भोक साफ असूनही चाक धरतं.

एअर काढणं

रिकामा मास्टर नुसता पंप करत बसलात तर तासभर काही होत नाही आणि नवखे इथंच घाबरतात. डबी भरा, लिव्हर पूर्ण न दाबता सुरुवातीच्या भागातच हळूहळू हलवा, तळातल्या भोकातनं बुडबुडे वर येताना दिसतील, ते थांबेपर्यंत चालू द्या. मग वरच्या पाईपच्या बोल्टला फडकं गुंडाळून, लिव्हर दाबून धरून बोल्ट किंचित सैल, फसफस आवाज आला की आवळा, मग लिव्हर सोडा.

यानंतर कॅलिपर. निप्पलला नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडलेलं. दाबा, धरून ठेवा, निप्पल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. बंद करायच्या आधी लिव्हर सोडली तर हवा परत आत जाते. दोघं असला तर सोपं, एकानं वर एकानं खाली. दर चारपाच वेळेला डबीत बघा, ऑइल तळाला गेलं आणि हवा ओढली तर पहिल्यापासून सुरू. एकटेच असाल तर उलटं करा, सिरिंजमध्ये ऑइल भरून निप्पलमधनंच वर ढकला, हवा मुळात वर जाणारीच असते त्यामुळं पाईप लवकर भरतो, फक्त डबी ओसंडून टाकीवर सांडत नाही ना बघा. तरीही थोडी मऊ वाटली तर लिव्हर दाबून रबरानं ग्रिपला रात्रभर बांधून ठेवा, सकाळी सोडून परत हलके टपटप दाबा, राहिलेले बुडबुडे बऱ्याचदा निघून जातात.

ऑइल वरच्या खुणेपर्यंतच, काठोकाठ नको. पडदा कोरडा पुसून, त्याची घडी परत मूळ जागी दाबून झाकण लावा. डिस्कवर किंवा पॅडवर ऑइल सांडलं असेल तर डिस्क आयपीएनं पुसा, पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅड बदलाच.

आता लिव्हर जोरात दाबून पूर्ण मिनिटभर धरा, एक मिलिमीटर पण बसता कामा नये. सोडल्यावर पुढचं चाक उचलून हातानं फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. लाइट लागते का बघा. सगळ्या जोडांवर पांढरा टिश्यू पेपर दाबून ओल येते का बघा. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगानं, मग जरा वाढवून ब्रेक मारा, दहापंधरा वेळा मारल्यावर थांबून चाक परत उचलून फिरवा, कारण बारीक भोकाचा दोष गरम झाल्यावरच कळतो. इथं चाक जड लागलं तर घाटात जायचं नाही, परत उघडायचं.

जुनं ऑइल गटारीत किंवा शेतात ओतू नका आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका, ते विष आहे आणि घरात लहान मुलं असतात. झाकणाच्या डब्यात भरून वर नाव लिहून ओळखीच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींकडं द्या, त्यांच्याकडं जळकं ऑइल नेणारे येतात, त्यांनाच विचारून वेगळं द्या. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडी काढायच्या आधी दोन गोष्टी बघा, डबीची काच आणि लिव्हरच्या मुळाशी बूट. ऑइलची पातळी जिथल्या तिथं आणि बूट कोरडं असलं तर पुढची तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर.